कॅब आणि लोडरचा मध्यम ट्रॅक्टर निवडताना: हॉर्सपॉवरचा प्रश्न शेवटी

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा?" नांगर ओढायचा असेल तर ठीक आहे. पण पुढे लोडर (बकेट लावलेले, माल उचलणारे हायड्रॉलिक हात) आणि वर कॅब असलेला ट्रॅक्टर घेताना एचपीपासून सुरुवात केली की पुढची सगळी गणितं बिघडतात. लोडर किती उचलेल हे इंजिन ठरवत नाही. ते ठरतं हायड्रॉलिक सिलिंडरवर, पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनावर. ५० एचपीचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे केले तर एक १९०० किलोचा आणि दुसरा २७०० किलोचा निघू शकतो. कागदावर दोघे सारखे, पण ओली वाळू उचलायला लावली की फरक लगेच दिसतो.

हा लेख साधारण ४० ते ७५ एचपीच्या ट्रॅक्टरांबद्दल आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरीवर काही ट्रॅक्टर यादीतून गळतात आणि पुढच्या पायरीचं काम हलकं होतं. उलट क्रमाने गेलात तर आधी रंग आणि सीट आवडते, आणि मग आपणच त्या ट्रॅक्टरसाठी कारणं शोधत बसतो.

## तयारी: वही, टेप आणि वजनकाटा

### ओझ्यांची यादी

वर्षभरात लोडरने काय काय उचलणार ते लिहून काढा. प्रत्येक ओझ्यापुढे तीन गोष्टी हव्यात: वजन किती, किती उंचीवर न्यायचं आणि दिवसातून किती वेळा.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. मी एकदा ओल्या शेणखताने शिगोशीग भरलेली बकेट "असेल चारशे किलो" म्हणून सोडून दिली होती. नंतर काट्यावर घातली तेव्हा ६१० निघाली. काटा जवळ नसेल तर बकेटचं घनफळ घ्या आणि मालाच्या घनतेने गुणा. एका घनमीटरमागे ओली वाळू साधारण १९०० किलो, खडी १६०० किलो, सैल माती १२०० ते १३०० किलो, शेणखत ओलाव्याप्रमाणे ७०० ते १००० किलो धरा. लाकडाच्या चिप्स ३०० च्या आसपास. म्हणजे अर्ध्या घनमीटरची बकेट ओल्या वाळूने भरली की नुसता माल ९५० किलो. बकेटचं वजन वेगळं.

गाठींच्या बाबतीत अंदाज सर्वात जास्त फसतो. १.२ मीटर व्यासाची आणि तेवढ्याच रुंदीची कोरड्या गवताची गोल गाठ २५० ते ३०० किलोच्या आसपास भरते. त्याच मापाची मुरघासाची ओली गाठ दुपटीच्या पुढे जाते.

यादीतलं आठवड्यातून एकदा तरी येणारं सर्वात जड ओझं लाल शाईने अधोरेखित करा. मात्र वर्षातून एकदाच लागणाऱ्या ओझ्यासाठी अख्खा ट्रॅक्टर मोठा घेऊ नका; त्या दिवशी दुसरं यंत्र भाड्याने आणा. लाल शाईतलं ओझं हाच तुमचा खरा आकडा.

### मापं

टेप घेऊन निघा. शेडच्या दाराची उंची आणि रुंदी, फाटक, झाडांच्या फांद्या, आत वळायला असलेली जागा, ट्रॉलीच्या फळ्यांची उंची. कॅबवाला मध्यम ट्रॅक्टर टायरनुसार साधारण २.४ ते २.७ मीटर उंच असतो. वर फिरता दिवा किंवा अँटेना असेल तर आणखी थोडा. दाराशी उंबरठा किंवा चढ असेल तर ट्रॅक्टरचं नाक वर जातं किंवा मागचा भाग उचलला जातो, आणि नेमका त्याच क्षणी कॅबचा कोपरा चौकटीला लागतो. म्हणून सपाट मापावर किमान १० सेंटीमीटर मोकळे ठेवा.

लांबीही मोजा. लोडर आणि बकेटमुळे ट्रॅक्टर पुढे मीटर-दीड मीटरने वाढतो, आणि मागे वजनाचा ठोकळा अडकवला की तिकडूनही वाढतो. शेडमध्ये मावतो का हे या पूर्ण लांबीवर ठरवायचं.

इथे थांबा: लाल शाईतला आकडा आणि दाराची उंची, या दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय एकही ट्रॅक्टर बघायला जाऊ नका.

## पायरी १: आधी लोडर निवडा

लोडरच्या पत्रकात उचलण्याचे तीन-चार आकडे असतात आणि जाहिरातीत त्यातला सर्वात मोठा छापलेला असतो. कोणता आकडा कुठे मोजला हे कळलं की निम्मी फसवणूक टळते.

बकेट जिथे हाताला जोडलेली असते त्या पिनेपाशी मोजलेली क्षमता नेहमी जास्त दिसते. पण माल कधी पिनेवर नसतो, तो पिनेच्या पुढे असतो. म्हणून पिनेच्या ५०० किंवा ८०० मिलिमीटर पुढे मोजलेला आकडा मागा. तो पिनेपाशीच्या आकड्यापेक्षा अनेकदा चौथाईने कमी असतो.

दुसरा भेद उंचीचा. जमिनीलगत उचलण्याची ताकद आणि पूर्ण उंचीवर उचलण्याची ताकद वेगळी असते. वर जाता जाता ताकद कमी होते. "ब्रेकआउट" नावाचा आकडा दिसला तर तो ढिगात रुतलेली बकेट उपसून काढण्याचा जोर आहे. त्याचा आणि ट्रॉलीवर पॅलेट ठेवण्याचा संबंध नाही.

एक हिशेब करून पाहू. पॅलेटवर १००० किलो माल आहे, फोर्क (पॅलेटखाली घालायचे काटे) आणि त्यांची चौकट धरून १५० किलो. एकूण ११५०. पत्रकात पिनेपाशी, पूर्ण उंचीवर १४०० किलो लिहिलंय. वरवर पाहता २५० किलो शिल्लक. पण पॅलेटचा मध्य फोर्कच्या टाचेपासून साधारण ६०० मिलिमीटर पुढे असतो आणि टाच स्वतः पिनेच्या थोडी पुढे. म्हणजे आपण ८०० मिलिमीटरच्या आकड्याच्या जवळपास आलो, आणि तिथे तोच लोडर १०५० किलोचा असेल तर पॅलेट अर्ध्या उंचीवर अडकणार. असं अडकलं की लोक लीव्हर ओढून धरतात, इंजिन रेस करतात. रेस केल्याने तेल जोरात वाहतं, पण दाब वाढत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) किंचाळतो आणि तेल तापतं, एवढंच.

माझा नियम: पूर्ण उंचीवर, पिनेच्या ८०० मिलिमीटर पुढे मोजलेल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत लाल शाईतलं ओझं बसलं पाहिजे, आणि त्या ओझ्यात फोर्क किंवा ग्रॅबचं (माल पकडणाऱ्या पंजाचं) वजन धरलेलं पाहिजे.

उंचीचा आकडाही तसाच फसवा. पत्रकातली उंची पिनेची असते. बकेट ओतायला झुकवली की तिची धार पिनेच्या बरीच खाली लोंबते, ६०-७० सेंटीमीटर सहज. ट्रॉलीत माल टाकायचा असेल तर "बकेट ओतलेल्या स्थितीत धारेखाली किती उंची राहते" आणि "त्या वेळी धार पुढे किती पोहोचते" हे दोन आकडे मागा. ट्रॉलीच्या मध्यापर्यंत धार पोहोचत नसेल तर सगळा माल एका बाजूला पडतो आणि मग कुणीतरी फावडं घेऊन वर चढतो.

### जोडणीची पद्धत

बकेट, फोर्क, ग्रॅब बदलायची झटपट जोडणी आहे का ते पाहा. स्किड-स्टीअर पद्धतीची प्लेट आणि युरो पद्धतीची हुक-चौकट या दोन सर्वात जास्त चालतात. काही उत्पादकांची स्वतःचीच वेगळी पद्धत असते. आसपास ज्या पद्धतीची अवजारं सहज मिळतात तीच घ्या. पिना ठोकून बकेट बदलायचा लोडर घेतलात तर फोर्क कोपऱ्यात गंजत पडतील.

ग्रॅब वापरायचा असेल तर त्याची उघडझाप करणारा तिसऱ्या फंक्शनचा व्हॉल्व्ह आत्ताच बसवून घ्या. नंतर बसवताना कॅबची जमीन उघडावी लागते.

सपाट पॅलेट किंवा गाठी वारंवार उचलायच्या असतील तर हात वर जाताना फोर्क आपोआप समतल ठेवणारी रचना असलेला लोडर घ्यावा. मातीच्या कामाला ती नसली तरी चालतं.

## पायरी २: ट्रॅक्टरचं वजन, पुढचा ॲक्सल आणि मागचा प्रतिभार

सर्वात जास्त चुका मला या पायरीत दिसतात, म्हणून जरा सावकाश.

लोडरवरचं ओझं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकत असतं. त्यामुळे पुढचा ॲक्सल तरफेच्या टेकूसारखा वागतो आणि मागची चाकं हलकी होतात. समजा पिनेपुढचं एकूण ओझं ११५० किलो, ते पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून १.५ मीटर पुढे, आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २.१ मीटर. ११५० गुणिले १.५ भागिले २.१, म्हणजे सुमारे ८२० किलो मागच्या चाकांवरून निघून जातात. पुढच्या ॲक्सलवर ओझ्याचे ११५० अधिक हे ८२०, असे १९७० किलो वाढतात. आणि लोडरच्या हातांचं वजन त्यावर आधीपासूनच आहे.

आता मागे ६०० किलो वजन द्यायचं ठरवलं. दोन वाटा आहेत.

मागच्या टायरमध्ये पाणी किंवा दुसरं द्रव भरलं तर ते ६०० किलो थेट मागच्या चाकांवर येतात. मागचा भाग जड होतो, ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्यही खाली राहतो. पण पुढच्या ॲक्सलवरून एक किलोही कमी होत नाही.

तेच ६०० किलो तीन-बिंदू लिंकेजवर (मागे अवजारं टांगायच्या दांड्यांवर), मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे टांगले तर तरफ उलटी चालते. ६०० गुणिले १.२ भागिले २.१, म्हणजे सुमारे ३४० किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ९४० किलो येतात. तेवढंच लोखंड, फक्त टांगण्याची जागा बदलली.

म्हणून लोडरच्या रोजच्या कामाला मागे टांगलेला ठोकळा किंवा जड अवजार आधी, टायरमधलं द्रव त्याच्या जोडीला. किती वजन हवं ते लोडरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. विक्रेत्याला ते पान उघडून दाखवायला सांगा. तो नाही म्हणाला तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

करू नका: लोडर लावलेल्या ट्रॅक्टरच्या नाकावर वजनाच्या प्लेटा ठेवू नका. नांगरासाठी लावलेल्या प्लेटा लोडर चढवताना काढायच्याच.

आता यादीतल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलला किती भार चालतो ते लिहा. रिकामा ट्रॅक्टर, लोडर, ओझं आणि तरफेचा वाढावा मिळून भार त्याच्या आत हवा. जो ट्रॅक्टर इथे काठावर आहे तो वगळा. पुढच्या ॲक्सलचे सील, किंगपिन आणि बेअरिंग यांचा खर्च नंतर वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह हवाच. कारण फक्त चिखल नाही. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या ॲक्सलवर असतात. भरलेली बकेट घेऊन उतारावर निघालात, मागची चाकं हलकी झाली आणि फोर-व्हील बंद असेल, तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरतो. फोर-व्हील घातलं की पुढची चाकंही त्या ब्रेकशी जोडली जातात.

लोडरची चौकट ट्रॅक्टरला कुठे बोल्ट केली आहे तेही वाकून पाहा. ती मागच्या ॲक्सलपर्यंत गेलेली असेल तर उत्तम. फक्त क्लच-हाउसिंगच्या आसपास थांबत असेल तर ढिगात घुसण्याचे सगळे धक्के ट्रॅक्टरच्या कंबरेवर येतात.

## पायरी ३: हायड्रॉलिकचा वेग

ताकद दाबातून येते, वेग तेलाच्या प्रवाहातून. पत्रकात कधी कधी स्टिअरिंगचा पंप धरून एकूण प्रवाह दिलेला असतो. विचारा: अवजारांसाठी मिनिटाला किती लिटर?

हिशेब सोपा आहे. लोडरला उचलणारे दोन सिलिंडर, आतला व्यास ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ५५० मिलिमीटर, तर दोघांना मिळून सुमारे ३.६५ लिटर तेल लागतं. पंप पूर्ण आरपीएमला, म्हणजे समजा २२०० ला, मिनिटाला ४० लिटर देत असेल तर हात साडेपाच सेकंदांत वर जातो. पण लोडरचं काम कुणी पूर्ण आरपीएमवर करत नाही. १५०० वर तोच पंप २७ लिटर देतो आणि आठ सेकंद लागतात. बाकी तोट्याचं जाऊ दे, नुसतं एवढं मनात धरलं तरी दोन ट्रॅक्टरांची तुलना खरी होते.

जॉयस्टिक उजव्या हाताला, आर्मरेस्टजवळ हवी. मागच्या रिमोट व्हॉल्व्हच्या (मागच्या अवजारांना तेल देणाऱ्या झडपांच्या) दोन लीव्हरवर लोडर चालवता येतो, पण दिवसभर त्यात डोकं शिणतं. "फ्लोट" स्थिती आहे का तेही पाहा. जमीन साफ करताना बकेट उंचसखल भागावर स्वतःच तरंगली पाहिजे.

## पायरी ४: पुढे-मागे होण्याची सोय

ढिगातून एक बकेट भरून ट्रॉलीत टाकायची म्हणजे ढिगात पुढे, मागे, ट्रॉलीकडे पुढे, परत मागे. एका बकेटमागे दिशा चार वेळा बदलते. सकाळच्या चाळीस बकेटा म्हणजे १६० वेळा क्लच. डावा गुडघा हा आकडा विसरू देत नाही.

साधा सिंक्रो शटल (दिशा बदलायची साधी गिअरची सोय) असेल तर दर वेळी क्लच दाबावा लागतो. पॉवर शटलमध्ये स्टिअरिंगजवळचा छोटा लीव्हर बोटाने ढकलला की झालं. आतले तेलातले क्लच बाकीचं बघतात. हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स लोडरला आणखी सोपा, पण इंजिनची थोडी ताकद खातो आणि जड ओढकामात मागे पडतो. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ लोडरवर जाणार असेल तर पॉवर शटल किंवा हायड्रोस्टॅटिक घ्या. एचपी दहाने कमी करावी लागली तरी चालेल, ही सोय सोडू नका.

## पायरी ५: कॅब, लोडरच्या नजरेने

कॅब म्हणजे एसी आणि काचा एवढंच धरून लोक सीटवर बसतात, दार लावतात आणि "मस्त!" म्हणून उतरतात. तशी कॅब तपासू नका.

सीटवर बसा, बेल्ट लावा आणि कुणाला तरी लोडर पूर्ण वर न्यायला सांगा. आता बकेटची धार दिसते का? मी अशाच एका ट्रॅक्टरमध्ये बसलो होतो. हात छातीच्या उंचीपर्यंत आला तोवर सगळं नीट, आणि पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये अख्खी बकेट छताच्या कडेमागे गायब. दिसत होते फक्त दोन होज पाइप. ट्रॉलीवर माल टाकताना मला मान पुढे काढून स्टिअरिंगवर वाकावं लागत होतं, आणि हे दिवसातून चाळीस वेळा करायचं होतं. छताला पुढे काच असलेली कॅब ही अडचण सोडवते. मात्र ती काच पडणाऱ्या वस्तूंच्या चाचणीतून गेलेली आहे का ते विचारा. उन्हासाठी तिला पडदाही हवा.

मग बकेट खाली आणा. धारेचे दोन्ही कोपरे दिसतात का, की एक बोनेटमागे जातो? सायलेन्सरचा पाइप कॅबच्या खांबालगत आहे की मधोमध नजरेच्या आड येतो?

दारं दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडतात का ते लोडर बसवलेल्या ट्रॅक्टरवरच तपासा. लोडरचा खांब दाराच्या वाटेत आला तर दार अर्धंच उघडतं, आणि तेवढ्या फटीतून जाड जॅकेट घालून उतरणं ही रोजची कसरत होते.

कॅबची चौकट उलटण्यापासून संरक्षण देणारी, म्हणजे रॉप्स प्रमाणित असावी. नंतर बसवलेली पत्र्याची किंवा फायबरची कॅब धूळ अडवते, पण ट्रॅक्टर उलटला तर तिचा उपयोग नाही. लोडर वर असताना ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याची शक्यता वाढते, म्हणून लोडरच्या ट्रॅक्टरवर ही तडजोड नकोच. आणि रॉप्सच्या कॅबमध्ये बेल्ट लावलाच पाहिजे.

फवारणीही याच ट्रॅक्टरवर करणार असाल तर कॅबची संरक्षण श्रेणी विचारा. युरोपीय मानक ईएन १५६९५ मध्ये चार श्रेणी आहेत: दुसरी फक्त धूळ अडवते, तिसरी धूळ आणि फवाऱ्याचे थेंब, आणि चौथी वाफसुद्धा. साध्या कागदी फिल्टरची कॅब लावून आपण औषधापासून सुरक्षित आहोत असं समजणं धोक्याचं आहे.

आवाज: दिवसभराच्या कामासाठी ८५ डेसिबलच्या वर कानाला त्रास व्हायला लागतो. चांगल्या कॅबमध्ये कानापाशी ७२ ते ८० असतो. विक्रेत्याचा आकडा राहू द्या. दार लावून, एसी पूर्ण चालू ठेवून, कामाच्या आरपीएमवर मोबाइलवरच बोलून बघा.

एसीचा कंडेन्सर कुठे आहे? काहींचा छतात असतो, काहींचा रेडिएटरसमोर. रेडिएटरसमोरचा असेल तर तो हाताने बाहेर सरकतो का पाहा. भुसा आणि गवताच्या कामात तो रोज साफ करावा लागतो, आणि तो काढायला पाना लागत असेल तर कुणी साफ करत नाही.

तपासा: जॉयस्टिकच्या केबल आणि होज कॅबमध्ये जिथून शिरतात तिथे रबरी सील आहे का. तिथून धूळ शिरते, आणि नंतर लोक फिल्टर बदलत बसतात.

## पायरी ६: टायर, लिंकेज, आणि आता एचपी

इथे फार वेळ घालवायची गरज नाही.

शेतात चिखल असेल तर खोल दात्यांचे आर-१ टायर. कठीण जमीन, खडी, फरशी जास्त असेल तर जाड बाजूंचे आर-४. दोन्हीकडे अर्धाअर्धा वेळ असेल तर आर-१ घ्या. फरशीवर ते लवकर झिजतात, पण चिखलात आर-४ जागच्या जागी फिरत बसतात. पुढच्या टायरची भारक्षमता पायरी २ मधल्या आकड्याशी पडताळा. फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील असं प्रमाण ठरवलेलं असतं, त्यामुळे फक्त पुढचे किंवा फक्त मागचे टायर वेगळ्या मापाचे घालू नका. मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येत असेल तर वाढवूनच घ्या.

लिंकेजची श्रेणी १ असेल तर खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, श्रेणी २ असेल तर २८ च्या. आधीची अवजारं कोणत्या मापाची आहेत ते पाहा. उचल क्षमता लिंकेजच्या खालच्या दांड्यांच्या चेंडूच्या टोकापाशीची आणि त्याच्या ६१० मिलिमीटर मागची, अशी दोन्ही विचारा.

एचपी आता. मागे पीटीओवर (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारं जे सर्वात भुकेलं अवजार असेल त्याच्या पुस्तिकेतली गरज घ्या. ती पीटीओ एचपी असते. इंजिनच्या एचपीपैकी साधारण ८५ टक्के तिथपर्यंत पोहोचतात. ५५ एचपीचं इंजिन म्हणजे पीटीओवर ४७ च्या आसपास. त्यातून एसीही थोडी ताकद घेतो. पायऱ्या १ ते ५ पार करून उरलेल्या दोन-तीन ट्रॅक्टरांपैकी ज्याला हे जमतं तो तुमचा.

एक्झॉस्टमध्ये काजळी फिल्टर असलेलं इंजिन असेल तर एक गोष्ट समजून घ्या. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी धूर गरम लागतो. एसीसाठी तासनतास मंद चालू ठेवलेलं इंजिन तेवढं तापत नाही. काजळी साठते, दिवा लागतो आणि भर कामात ट्रॅक्टर अर्धा तास उभा करावा लागतो.

## पायरी ७: चाचणी, आपल्या ओझ्यावर

विक्रेत्याच्या मोकळ्या मैदानात गोल चक्कर मारणं म्हणजे चाचणी नव्हे. आपलं लाल शाईतलं ओझं, आपली जागा, किमान दोन तास.

१. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा. आधीच गरम करून आणलेला असेल तर दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

२. मागे पुस्तिकेतलं वजन टांगा, मग ओझं उचला, जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवा आणि हळू चालवा. मागची चाकं हलकी वाटली, स्टिअरिंग जड झालं, तर पायरी २ मधला हिशेब पुन्हा काढा.

३. जवळ काटा असेल तर ओझं उचललेलं पण जमिनीलगत ठेवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. पुढचा आकडा ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा.

४. मोकळ्या सपाट जागी ओझं अर्ध्या उंचीवर नेऊन इंजिन बंद करा. पाच मिनिटांत ते किती खाली आलं? टेपने मोजा. त्या वेळी लोडरखाली किंवा जवळ कुणीही नको.

५. कमी आरपीएमवर लोडर उचलता उचलता स्टिअरिंग पूर्ण वळवा. एकाच पंपावर दोन्ही असतील तर स्टिअरिंगला आधी तेल मिळतं आणि हात थबकतो. किती थबकतो ते अनुभवा.

६. भर दुपारी, ढिगासमोर पुढे-मागे करत, एसी चालवा. सावलीतला गारवा हिशेबात धरू नका.

धोका: ओझं वर ठेवून ट्रॅक्टर चालवू नका, वळवू तर अजिबात नका. पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो, त्यामुळे बाजूचा तोल चार चाकांवर नसतो. तो पुढची पिन आणि मागची दोन चाकं अशा त्रिकोणावर असतो. ओझं वर असेल आणि मागचं एक चाक खड्ड्यात गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

## जुना ट्रॅक्टर घेत असाल तर

तासांचा मीटर नंतर, आधी लोडर. रिकामी बकेट फरशीवर टेकवा: धारेचे दोन्ही कोपरे एकदम टेकले पाहिजेत. एक कोपरा वर राहिला तर बहुधा हात पिळलेला आहे. पहार घालून पिना हलवा, बुश किती ढिले आहेत ते कळेल. वेल्डिंगजवळ नवा रंग फक्त एकाच ठिकाणी दिसला तर तिथे नखाने खरवडा. सिलिंडरचे दांडे चकचकीत आणि सरळ हवेत. ओरखडा असेल तर सील टिकणार नाही.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, ॲक्सलच्या टोकाशी तेल ओघळलंय का पाहा. कॅबमध्ये मॅट उचला, खाली गंज आणि ओल दिसेल. कॅबचे रबरी माउंट फाटले असतील तर खडबडीत रस्त्यावर दारं खडखडतात; हे विक्रेता गाणी लावून झाकतो, तेव्हा गाणी बंद करा.

होज पाइपमधून तेल झिरपतंय असं वाटलं तर हात लावून बघू नका. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून त्वचेच्या आत शिरतं, आणि ती जखम दिसते तितकी साधी नसते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग पडेल.

## पायरी ८: कोटेशन

दोन विक्रेत्यांची कोटेशनं सारखी दिसत नाहीत, म्हणून आपणच एक रिकामी यादी द्या आणि त्यातच भरून मागा: लोडरचं मॉडेल, कोणती जोडणी, बकेटची रुंदी, फोर्क, तिसरं फंक्शन, मागचा ठोकळा, टायर, टायरमधलं द्रव, मागचे रिमोट व्हॉल्व्ह किती, कामाचे दिवे पुढे किती आणि मागे किती. आणि लोडर कोण बसवणार, त्याचा ट्रॅक्टरच्या वॉरंटीवर परिणाम होतो का. याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल" म्हणजे बहुतेक होत नाही.

बकेट ट्रॅक्टरच्या बाहेरच्या टायरांइतकी किंवा थोडी जास्त रुंद हवी. अरुंद बकेटने साफ केलेल्या जागेत टायर कडेच्या ढिगावर चढतात.

## पायरी ९: पहिले ५० तास

पहिल्या १० तासांनंतर लोडरच्या चौकटीचे सगळे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कवर पुन्हा आवळा. नव्या रंगावर आवळलेले बोल्ट हमखास ढिले होतात, आणि ढिल्या बोल्टांवर महिनाभर काम केलं की भोकं लांबट होतात. ५० तासांना पुन्हा एकदा. चाकांचे नटही त्याच वेळी.

लोडरच्या पिनांना पहिल्या काही दिवसांत रोज ग्रीस द्या. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, एकदा भरा. मग लोडर दोनदा पूर्ण वर-खाली करा, खाली टेकवा आणि परत भरा. पहिल्या वेळेला बाहेर येणाऱ्या ग्रीसमध्ये चमकणारे बारीक कण दिसले तर घाबरू नका, ते नव्या बुशचे असतात. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसत असतील तर त्या पिनेचा फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, वॉरंटी चालू असेपर्यंत.